कुशाबाची सनई

पुण्याच्या नाना पेठेतल्या, मोटारीच्या पार्टांच्या त्या दुकानात गोजराबाईचा उजवा हात फळीवर पीठ शोधायला लागला, आणि शोधता शोधता तिचा तिलाच दिसला. पाची बोटं पसरून, तळवा जरा खोलगट करून तो हात तेलकट लाकडावरून फिरत होता, परातीत फिरावा तसा. बाहेरून एक ट्रक गेला होता, एवढंच झालं होतं. पेठेत ट्रक जाणार नाहीत तर काय होड्या जातील? सकाळपासून कितीक गेले असतील, तिनं कुणासाठी मान वळवली नव्हती. पण हा गेला तो रडत गेला. बारीक, नाकातनं काढल्यासारखा सूर. जोर पडला की दाटणारा, आणि ड्रायव्हरनं पाय उचलला की शिट्टीसारखा निसटणारा. कोपऱ्यावर गेर बदलताना तो श्वासभर तुटला आणि पुन्हा लागला. तिच्या कानाच्या पाळीपासून पाठीच्या मणक्यापर्यंत काटा उतरत गेला. 'आलं,' असं ती म्हणाली. मोठ्यानं म्हणाली की मनात, ते तिला कळेना. शेजारी उभा असलेला तिचा भाचा भैरू तिच्याकडे पाहत होता, म्हणजे मोठ्यानंच असणार. तिनं हात पदराखाली ओढून घेतला, दुसऱ्याच्या ताटातून ओढावा तसा. कोंडाजीला, तिच्या नवऱ्याला, जाऊन पावसाळे लोटले होते. त्याचा ट्रक चाकं काढून वस्तीवरच्या जांभळीखाली उभा होता, आणि त्याच्या पोटातला जो अवयव सूर लावायचा तो इथं, तिच्या जुन्या लुगड्याच्या फडक्यात, फळीवर निपचित पडला होता. मग रस्त्यावरून गेलं ते काय होतं?

फडक्यात दोन चक्रं होती. एक थाळीएवढं, कडेनं दाते असलेलं; दुसरं मुठीत मावेल एवढं, कणसासारखं, तिरक्या दात्यांचं. क्राउन आणि पिनियन. मागच्या चाकांच्या मधोमध जो लोखंडी गोळा असतो तो नथू मिस्त्रीनं उघडला आणि ही जोडी काढून अंगणात ठेवली. इंजिनाचं बळ ह्या दोघांच्या चावण्यातून चाकांना पोचतं, असं त्यानं समजावलं होतं. "नवराबायकोवानी हाय आक्का. दोगांचं दात जुळाय पायजेत." "तुजं जुळल्यात का?" तिनं विचारलं होतं, आणि नथूनं खाली बघून पाना उचलला होता, कारण त्याची बायको शिमग्यापासून माहेरी बसलेली. दाते झिजलेत, दोन तुटायला आलेत, नवी जोडी पाहिजे. भैरूला धाडा पुण्याला, तो घेऊन येईल, असं नथूचं म्हणणं. भैरूला? बाजारात पुरुषमाणसाला एकटं धाडू नये. फुटकं मडकं गळ्यात घालून घेईल आणि वर कुंभाराची तारीफ करत येईल. मडकं असो की मोटारीचा पार्ट, टिचकी मारून, कान लावून घ्यायचं असतं. म्हणून ती स्वतः पहाटेच्या एसटीनं निघाली होती, आणि निघताना जांभळीखालच्या धुडाकडे बघून सगळ्या वस्तीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली होती, "वरिजनलच आनीन. ह्या मोटारीत डुबलीकेट खिळासुदीक न्हाई, आन् बसनारबी न्हाई."

हे वाक्य मूळचं कोंडाजीचं. लढाई संपल्यावर सरकारनं खडकीकडच्या उभ्या मोटारी लिलावात काढल्या, त्यातली ही त्यानं आणली. हिरवी, रेड्यासारखी, ष्टेरिंग उलट्या हाताला. तिला ओवाळायला म्हातारी सासू तबक घेऊन गेली आणि तोंड कुठल्या बाजूला हे न कळून मागच्या फळीला कुंकू लावून आली. तेव्हापासून आंबेमोहोराची पोती, कोळसा, हिरडा, सगळं ह्याच मोटारीनं पुण्याला उतरलं. कोंडाजी बोलायला कमी. पण ट्रकचा विषय निघाला की मिशीला हात लावून म्हणायचा, आपल्या गाडीत सगळं वरिजनल. आणि गोजराबाईनं ते वाक्य उचललं, जसं घरचं तूप उचलून ती दारी आलेल्याच्या पानात वाढायची: सढळ हातानं, समोरच्याला आपल्या घरातल्या तुपाची आठवण करून देत. पाणवठ्यावर सांगितलं, लग्नात सांगितलं. पाटलाच्या सुनेनं नव्या पाटल्या दाखवल्या तेव्हा म्हणाली, "बऱ्या हायेत. वरिजनल हायेत नव्हं?" तो गेल्यावर कोंबड्यांनी ट्रकच्या केबिनमध्ये अंडी घालायला सुरुवात केली, आणि धाकट्या दिरानं, गेणबानं, भंगारवाल्याची गोष्ट काढली. उभ्या उभ्या नेतो म्हणतोय वहिनी. "आदी मला न्हे म्हनावं," ती म्हणाली. "आन् आपलं तांदूळ दुसऱ्याच्या मोटारीनं पुण्याला जात्यात, त्याची लाज वाटू दे. ही चालू करायची." घरात तिचा शब्द खाली पडत नव्हता, त्यामुळे नथू आला, गोळा उघडला. तांदळाचं कारण खोटं नव्हतं. पण त्याच्या तळाशी दुसरं होतं, ते तिनं कुणालाच सांगितलं नव्हतं. तिला तो सूर खालच्या वळणापासून अंगणापर्यंत चढत येताना ऐकायचा होता. एकदा. फक्त एकदाच. एवढ्यासाठी कुणी ट्रक दुरुस्त करतं का? करत नाही. म्हणून तर सांगितलं नव्हतं.

त्या सुरावर तिचं घड्याळ चालायचं. पौडाकडून येणारा रस्ता डोंगराच्या कुशीत शिरतो तिथं एक वळण आहे. तिथं सूर पहिल्यांदा कानाला लागला की ती उठायची, पिठात आधणाचं पाणी ओतायची. फाट्याला गेर बदलताना सूर तुटला की गोळा मळून तयार. ओढ्याच्या चढाला तो दाटून आला की भाकरी तव्यावर. आणि ट्रक अंगणात येऊन इंजिन बंद झालं, सगळं डोंगरभर एकदम मोकळं मोकळं झालं, की त्या शांततेत भाकरी निखाऱ्यावर टम्म फुगलेली असायची. तांदळाची भाकरी. तिला थांबायला जमत नाही. निवली की चामडं. कोंडाजी हात धुवायचा, भाकरीचा पापुद्रा बोटानं फोडायचा, वाफ त्याच्या मिशीत शिरायची, आणि तो डोळे मिटायचा. एवढंच. त्या मिटलेल्या डोळ्यांसाठी तिनं कितीक वर्षं कान वळणावर टांगून ठेवला. जावा हसायच्या. "थोरल्या बाई, आमास्नी तर काय बी ऐकू येईना." "येनार न्हाई," ती म्हणायची, "कानाला बी आक्कल लागती." तिला वाटायचं, हा सूर जगात एकच आहे. देवळातली घंटा जशी देवाची, तसा हा सूर त्याचा. माणूस लांबून खाकरला तरी घरच्यांना कळतो. हा लोखंडातून खाकरणारा तिचा माणूस.

"आजी," दुकानदार म्हणाला. त्यानं फडकं सोडून चक्रं हातात घेतली होती आणि चष्म्यावरून बघत होता.

"आजी तुजी. काय ते बोल."

"बाई, मग. ही जोडी डुप्लिकेट आहे."

गोजराबाई हसली. अशा माणसाला काय उत्तर द्यायचं? पहिल्यांदा घरच्या मालाला नाव ठेवायचं, मग आपला खपवायचा, ही रीत तिला गुरांच्या बाजारापासून ठाऊक होती. "आमच्या मालकांनी म्हमईवरनं आनली ही. पेटीत हुती. खळ्यावर पेटी मी माज्या हातानं फोडली."

"पेटी असेल ओरिजनल," दुकानदार म्हणाला, आणि त्यानं थाळीची पाठ तिच्याकडे केली. तेलाची काळी साय नखानं खरवडली. खाली लोखंडात ठोकलेले तीन ठिपके होते, त्रिकोणात. चुलीसारखे. "हे बघा. कुशाबाचा माल. ह्याच गल्लीच्या मागं बसायचा. लढाईतल्या गाड्यांचं सामान संपलं, बाहेरून यायचं बंद झालं, तेव्हा आमचा कुशाबा जुना दाता समोर ठेवून नवा कापायचा आणि कानस घेऊन दिवसभर घासत बसायचा. माल टिकाऊ, त्यात खोट नाही. लोकांनी त्याचा घेऊन पेटीत घातला आणि विकला, त्याला तो काय करणार? फक्त दाते बरोबर चावायचे नाहीत. गाडीला सूर लागायचा. आत्ता रस्त्यावरून गेली ना एक? तसा."

भैरू पुढं सरकला. "त्याला सनई म्हनत्यात ना?"

"कुशाबाची सनई. सगळे ड्रायव्हर म्हणायचे."

गोजराबाईनं भाच्याकडे पाहिलं. तीस वर्षांचा घोडा, मिशा आलेल्या, पोरांचा बाप. "तुला ठावं हुतं?"

"आत्ती, आता... डायवर लोकास्नी म्हाईत असतंय. मामा बी हसायचं. समोरनं तसलीच गाडी आली का म्हनायचं, ह्यो बगा कुशाबाचा दुसरा जावई."

"किती हायेत?" तिनं दुकानदाराला विचारलं. आवाज तिचाच होता, पण जरा मागून आल्यासारखा. "आसल्या मोटारी."

"आता कमी. तेव्हा? पौडाकडं म्हणा, भोराकडं म्हणा, जी लढाईतली गाडी दिसेल तिच्यात कुशाबा."

कुठं आहे तो, असं तिला विचारायचं होतं. जाऊन त्याच्या तोंडावर दोन शब्द फेकायचे होते, की पायावर डोकं ठेवायचं होतं, काही उमगत नव्हतं. पण दुकानदारच म्हणाला, गेला बिचारा, आधी डोळे गेले. वर तारेला बेरिंगांच्या माळा टांगल्या होत्या, त्या पंख्याच्या वाऱ्यानं हलत होत्या. त्यांच्याकडे ती बघत राहिली. जगात एक सूर आहे असं धरून चाललेलं बाईमाणूस. आणि इथं गल्लीतला एक म्हातारा रोज सकाळी उठून तोच सूर घासून काढत होता, ज्याच्या त्याच्या गाडीत बसवत होता. तिला हसू आलं पाहिजे होतं. आलं नाही. कारण त्या माळांच्या मागून, जशी विहिरीच्या तळातून बादली वर येते तशी, ती संध्याकाळ वर यायला लागली होती, आणि बादलीत काय आहे हे तिला आधीच ठाऊक होतं.

भात झोडपून झाला होता तेव्हाचे दिवस. दिवेलागणीला वळणावर सूर लागला. तिनं आधण ओतलं. फाट्याला सूर तुटला, गोळा झाला, भाकरी थापली, तव्यावर टाकली. आणि ओढ्याच्या चढाला सूर आलाच नाही. फाट्यावर तो थांबला. फाट्यावर रंभाबाईचं चहाचं खोपटं. नवरा नसलेली, पान खाऊन हसणारी रंभाबाई. तिथं इंजिन बंद झालं. गोजराबाई तव्याशी उभी. भाकरी उलटायची राहिली, खालून करपली, वास घरभर झाला. मग बऱ्याच वेळानं इंजिन चालू झालं आणि तो सूर घराकडे वळायचं सोडून सरळ धरणाच्या रस्त्यानं गेला, बारीक होत गेला, विझला. कोंडाजी दुसऱ्या दिवशी दुपारी आला. म्हणाला, भुगावात एक्सल मोडला, रात्र तिथंच काढली. तिनं चुलीतलं लाकूड बाहेर ओढलं. "काल सांजच्याला फाट्यावर कोन हुतं?" "मी न्हवतो." "मला सांगू नगा. बाकी कशाला न वळखीन, मोटारीचा आवाज वळखते. आसा आवाज दुसरा हाय का मुलखात?" कोंडाजीनं तोंड उघडलं. तिला आता ते तोंड स्पष्ट दिसलं, वरचा दात थोडा पुढं आलेला, ओठावर शब्द येऊन उभा राहिलेला. मग त्यानं अंगणातल्या ट्रककडे पाहिलं. मग तिच्याकडे पाहिलं, ओट्यावर बसलेल्या जावांकडे पाहिलं. कान खाजवला. आणि म्हणाला, "तू म्हनतीस तर आसंल."

तू म्हनतीस तर आसंल! केवढं वाक्य ते. त्या वाक्यावर तिनं पुढचं सगळं आयुष्य भाजून काढलं. रुसून जायला माहेर नव्हतं. तिचं माहेर धरणाच्या पाण्याखाली. रागावून निघाली असती तर मासळ्यांच्या दारात जाऊन बसावं लागलं असतं. मग ती घरातच रुसली, आणि रुसली ती चुलीपुरती. त्या दिवसापासून सुरावर भाकरी टाकली नाही. उन्हं कलायच्या आधी सगळ्या भाकरी थापून, शिंक्यावर झाकून ठेवायच्या. वळणावर सूर लागला की ती मुद्दाम मागच्या दारी जायची, शेणाला, गवताला, कशालाही. कोंडाजी यायचा, हात धुवायचा, चामड्यासारखी भाकरी दोन्ही हातांनी ओढून तोडायचा. डोळे उघडे ठेवून जेवायचा. एकदाही म्हणाला नाही, गरम दे. आणि ती एकदाही म्हणाली नाही, माग. मग तापात गेला तो, शेवटच्या दिवसांत त्याला भाकरी चावतच नव्हती, पेजेवर होता.

आणि त्याला ठाऊक होतं. हे आत्ता, ह्या तेलकट फळीशी, तिच्या डोक्यात नीट बसलं, दात्यात दाता बसावा तसं. सगळ्या ड्रायव्हरांना ठाऊक, मग ह्याला नसेल? एक शब्द पुरला असता. अगं, तसला आवाज दहा गाड्यांना आहे, कुशाबाचा डुप्लिकेट पार्ट आहे आपल्यात. झालं, मिटलं असतं. तो शब्द ओठावर आलेला तिनं पाहिला होता. पण तो उच्चारायचा तर ट्रकमध्ये डुप्लिकेट आहे हे अंगणात, जावांच्या देखत, कबूल करावं लागलं असतं. त्यापेक्षा त्यानं रंभाबाईचा आळ अंगावर घेतला. पुरुषाची जात! बायको बदफैली म्हणाली तर चालेल, पार्ट नकली म्हणाली तर नाही. तिच्या मनात त्याला शिव्या घालायला सुरुवात झाली, आणि शिवी अर्ध्यात अडकली. कारण त्यानं ट्रककडे पाहिल्यावर तिच्याकडे पाहिलं होतं, मग जावांकडे. वरिजनलची द्वाही गावभर कुणी फिरवली होती? त्यानं अंगणात खरं सांगितलं असतं तर खाली मान कुणाची गेली असती? स्वतःसाठी गिळला त्यानं तो शब्द, की तिच्यासाठी? आता कोण सांगणार? विचारायचं तर कुठं जायचं? आणि दोन्हीही असलं तर. तसला माणूस होता तो. एका पोत्यात दोन जातींचे तांदूळ भरून आणणारा नव्हता, पण पोटात काय भरून ठेवलंय ते कळू न देणारा.

दुकानदारानं नवी जोडी आणून ठेवली होती. तिनं सवयीनं टिचकी मारली. घंटेसारखा लांब नाद आला, थांबेचना. जुन्या थाळीला टिचकी मारली. ठक्क. कवडीसारखा. "नवा एकदम गप चालेल," दुकानदार म्हणाला. "गाडी मागं येऊन उभी राहिली तरी कळायचं नाही."

"वा," गोजराबाई म्हणाली. "म्हंजी चोरासारखी."

जुनी जोडी भंगारात द्या, इथंच ठेवा, असं तो म्हणाला. नवी भैरूच्या डोक्यावर दिली, आणि जुनी फडक्यात बांधून स्वतःच्या काखेत घेतली. एसटीत बसल्यावर ती मांडीवर ठेवली. पिरंगुटचा घाट चढेपर्यंत मांडी बधिर झाली, लुगड्याला तेलाचा डाग पडला. तिनं गाठोडं हलवलं नाही. खिडकीतून समोरून येणारे ट्रक जात होते. प्रत्येकाच्या आधी तिचा कान पुढं जायचा आणि रिकामा परत यायचा. हातावरची कातडी सैल पडलेली, निळ्या शिरा वर आलेल्या. ह्या हातानं झाकलेल्या भाकरी. तिला एकदम पुष्कळ वर्षांपूर्वीची त्याची मिशी आठवली, वाफेनं ओली झालेली, आणि वाटलं की एसटीत इतकी माणसं नसती तर बरं झालं असतं.

फाट्यावर उतरल्यावर ती घराच्या रस्त्याला वळायच्या ऐवजी खोपटाकडे गेली. भैरू मागं थबकला. रंभाबाई आता केस पिकलेली, दात किडलेले, पान मात्र तेच. ह्या खोपटासमोरून गोजराबाई इतकी वर्षं गेली ती दुसऱ्या बाजूला थुंकून.

"अगंबाई. आज वाट चुकली म्हनायची थोरल्या बाईंची."

"वाट माजीच हाय. पाय दुकाय लागलं. च्या टाक."

रंभाबाईनं चहा टाकला. स्टोव्हचाच आवाज. चहा काचेच्या ग्लासात आला तो लालबुंद, वर गूळ सढळ. गोजराबाईनं घोट घेतला. "लई ग्वाड करतीस."

"तुमच्या मालकास्नी आसाच लागायचा," रंभाबाई म्हणाली. सहज म्हणाली, की जपून ठेवलेलं म्हणाली? पानाचा रस ओठाच्या कोपऱ्यात आला होता, तो तिनं अंगठ्यानं पुसला.

ग्लास ओठाशी थांबला. पूर्वीची गोजराबाई असती तर तो ग्लास स्टोव्हवर बसला असता. आता तिला फक्त एवढंच दिसलं, की पेठेतून आणलेल्या शहाणपणानं काहीच पक्कं होत नव्हतं. फाट्यावर थांबलेली मोटार दुसऱ्या कुणाची असू शकते, एवढंच. त्याची नव्हती असं ह्या दोन चक्रांत कुठं कोरलेलं नाही. तीन ठिपके आहेत फक्त. त्या संध्याकाळचं विचारावं का हिला? तोंडाशी आलं होतं. विचारलं असतं तर रंभाबाईनं काहीतरी सांगितलं असतं, आणि मग ती त्या सांगण्याला टिचकी मारून बघत बसली असती, उरलेलं आयुष्य. तिनं चहा तळापर्यंत संपवला. ग्लास पालथा घातला. "बरा झाला हुता," म्हणाली, आणि उठली. मागं रंभाबाई पान चघळायची थांबली होती.

दुसऱ्या दिवशी नथू मिस्त्री नवी जोडी पुसून बसवायला घेणार तेवढ्यात तिनं गाठोडं त्याच्यापुढं सोडलं. "आदी ही बसव."

"आक्का? ही तर आपुन काडली. दातं मोडाय आल्यात. चडाला जोर पडला का गेलंच."

"मोडूंदे. एकदा खाली वळनापातुर न्हे, आन् वर आन. मग तुजी नवी घाल."

"आवं पन कशापायी? उगा गोळा दोनदा उघडायचा..."

"नथू, तुजी बायकू का गेली ते मला आता कळाय लागलंय."

गेणबा ओट्यावरून म्हणाला, वहिनीचं डोकं फिरलं. दिवसभर नथू ट्रकखाली पडून राहिला, मग काढलेली चाकं चढवली. उन्हं डोंगराआड गेली तेव्हा इंजिन खोकलं, पुन्हा खोकलं, धरलं. कोंबड्या केबिनमधून उडाल्या. भैरू उलट्या ष्टेरिंगशी बसला, नथू शेजारी चढला, आणि ट्रक उताराला लागला. उतारावर ती हलकी शीळ, लांब जाणारी. गोजराबाई चुलीपुढं येऊन बसली. जावेला म्हणाली, तू हो बाजूला. परात घेतली. आधण उकळत ठेवलं. आणि ऐकू लागली.

बराच वेळ काहीच नव्हतं. ओढा, पाखरं, कुठंतरी कुऱ्हाड. मग वळणावर तो लागला.

तिनं पिठात पाणी ओतलं. हात भाजला, पण हाताला वाट माहीत होती. कुशाबाचा सूर. दहा गाड्यांचा सूर. असू दे. वाजवणारे दहा असतात, आपल्या दारात वाजते ती आपलीच सनई. फाट्याला तो तुटला. तिचा श्वास तुटला. आता रंभाबाई ऐकत असेल. आणि पुन्हा लागला, घराकडे वळलेला. गोळा झाला. थापली. तव्यावर टाकली. पाणी फिरवलं. ओढ्याच्या चढाला सूर दाटत आला, वर येत राहिला, भिंतीवरची भांडी बारीक बारीक थरथरायला लागली, आणि तिनं भाकरी उलटली. जांभळीपाशी आला की निखाऱ्यावर. आता. आता येतोय. तिच्या अंगात कुठंतरी एक बाई उठून उभी राहिली होती, काळ्या केसांची, कान वळणाला टांगलेली.

खटकन आवाज झाला. लोखंड लोखंडावर फुटल्याचा. इंजिन मोकळं, वेड्यासारखं ओरडलं, आणि बंद पडलं. चढाच्या मध्यावर.

सगळा डोंगर मोकळा झाला. त्या शांततेत भाकरी निखाऱ्यावर फुगत होती. सगळ्या बाजूंनी, टम्म. ओट्यावर गेणबा म्हणाला, "झालं? आता?" गोजराबाईनं भाकरी उचलली, झटकली, पदरात घेतली, आणि दारातून बाहेर पडली. ती ह्या घरात आल्यापासून भाकरी घेऊन कधी चढ उतरली नव्हती. भाकरी खाणाऱ्यानं वर यायचं असतं. पदरातून पोटाला चटका बसत होता, दगडावर पाय सरकत होता, पण निवायच्या आत पोचायचं होतं.

चढाच्या मध्यावर ट्रक तिरका उभा होता. नथूनं चाकाला धोंडा लावला होता. भैरू खाली उतरून उभा, हाताला काळं तेल, आणि तिला येताना बघून त्यानं मान खाली घातली, बोलणी खायला तयार.

"आत्ती, म्या काय केलं न्हाई. चडालाच मोडली बगा. खरंच मोडली."

तिनं पदर सोडला. भाकरी अजून फुगलेली होती. ती त्याच्या काळ्या हातावर ठेवली, आणि त्यानं आश्चर्यानं पापुद्रा फोडला तेव्हा वाफ वर आली, त्याच्या मिशीत शिरली. गोजराबाई ट्रकला टेकून उभी राहिली. लोखंड गरम होतं. डोळे त्या वाफेकडे लागले होते.

"मोटार हाय," ती म्हणाली. "वाटंला मोडती." मग, भैरूला न सांगता, चढावरून खाली भुगावाकडं गेलेल्या रिकाम्या रस्त्याला सांगितल्यासारखं, "तू म्हनतोस तर मोडली आसंल."